ह्युएनत्संगाची परतभेट

धाराशिव, तुळजापूर, उमरगा, कळंब यांपैकी कोणत्याही गावी सायंकाळी फेरफटका मारला, तर वडापावाच्या शेजारी 'चायनीज'ची गाडी हटकून आढळते. लाल फलक, त्यावर काढलेला ड्रॅगन आणि भडकत्या ज्वाळेवर खणखणणारी लोखंडी कढई, असा तिचा थाट असतो. तेथे मिळणारे 'मांच्युरियन' मांचुरियात कोणी खात नाही. तो मुंबईच्या उपाहारगृहांचा शोध आहे. 'चायनीज भेळ' तर नावापुरतीच चिनी. एकशे चाळीस कोटी लोकांच्या या शेजाऱ्याविषयी जिल्ह्यातील सामान्य सुशिक्षित माणसाचे ज्ञान ही गाडी, बाजारातील स्वस्त माल आणि सीमेवरील बातम्या यांच्यापलीकडे फारसे जात नाही. अशा स्थितीत गावच्या एखाद्या वाचनालयाने किंवा सांस्कृतिक मंडळाने चिनी संस्कृतीची ओळख करून देणाऱ्या चारपाच संध्याकाळी योजाव्यात असे कोणी सुचविले, तर पहिला प्रश्न येईल तो हा, की याची येथे गरज काय? आणि दुसरा त्याहून तिखट असेल: ज्या देशाच्या सैन्याशी झालेल्या झटापटीत जून २०२० मध्ये गलवान खोऱ्यात वीस भारतीय जवानांना प्राण द्यावे लागले, त्याच्या कविता आणि चित्रे यांचे कौतुक कशासाठी?

दोन्ही प्रश्न टाळण्याजोगे नाहीत. पहिल्याचे उत्तर या जिल्ह्याच्या मातीतच आहे.

तेरणेच्या काठी वसलेले तेर हे आज लहानसे गाव आहे. परंतु इसवी सनाच्या पहिल्या शतकात ईजिप्तमध्ये राहणाऱ्या एका ग्रीकभाषी व्यापाऱ्याने लिहिलेल्या 'पेरिप्लस' या सागरी प्रवासाच्या मार्गदर्शिकेत त्याचा उल्लेख 'तगर' असा येतो. पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर हे मोठे नगर आहे आणि तेथून साधे कापड व तऱ्हेतऱ्हेची मलमल गाड्यांत भरून, बिकट वाटांनी भडोचच्या बंदराकडे नेली जाते, असे तो सांगतो. याच ग्रंथाच्या अखेरीस आणखी एका दूरच्या नगरीचा निर्देश आहे. तिचे नाव तो 'थिन' असे देतो. ती चीनची भूमी होय. तेथून रेशमाचे सूत आणि रेशमी वस्त्रे बाल्हीकमार्गे खुष्कीने भडोचलाच येतात, अशी नोंद त्याने केली आहे. म्हणजे तेरचे सुती कापड आणि चीनचे रेशीम एकाच बंदराच्या वखारींत येऊन पडत होते. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात 'चीनपट्ट' येतो, कालिदासाच्या शाकुंतलात 'चीनांशुक' फडकते. आणि घरोघर सकाळी उकळणाऱ्या 'चहा'चे तर नावही चिनीच आहे. चीन या मुलखाला परका होता, अज्ञात नव्हता.

याहून मोठे ऋण ह्युएनत्संगाचे आहे. हा बौद्ध भिक्षू सातव्या शतकात वाळवंटे आणि हिमपर्वत ओलांडून भारतात आला, येथे सुमारे पंधरा वर्षे फिरला आणि इ. स. ६४५ मध्ये ६५७ ग्रंथ बरोबर घेऊन स्वदेशी परतला. इ. स. ६४० च्या सुमारास तो महाराष्ट्रात होता. 'मो-हो-ला-च' या नावाने त्याने जे वर्णन केले आहे, ते महाराष्ट्राच्या इतिहासाचा कोणताही अभ्यासक वगळू शकत नाही. येथील लोक साधे आणि प्रामाणिक, पण मानी आहेत. उपकार विसरत नाहीत आणि अपमानही विसरत नाहीत. सूड घ्यावयाचा झाल्यास प्रतिपक्षाला आगाऊ सूचना देतात आणि मगच शस्त्र उचलतात. शरण आलेल्याला मारीत नाहीत. लढाई हरून आलेल्या सेनापतीला शिक्षा न करता स्त्रीची वस्त्रे देतात, असे त्याने नमूद केले आहे. उत्तरेच्या सम्राट हर्षाला या प्रदेशाच्या पुलकेशीने नमविले नाही, तर रोखून धरले, ही गोष्ट ऐहोळच्या इ. स. ६३४ च्या शिलालेखातून कळते. पण शिलालेख हा दरबारी कवीचा असतो. तिला दुजोरा मिळतो तो या त्रयस्थ यात्रिकाच्या लेखणीतून. राज्याच्या पूर्व सीमेवरील डोंगरातल्या, अंधाऱ्या दरीत कोरलेल्या ज्या विहाराचे त्याने वर्णन केले, तो अजिंठा असावा असे अभ्यासक मानतात. महाराष्ट्रीयांनी स्वतःच्या स्वभावाविषयी अभिमानाने सांगाव्यात अशा अनेक गोष्टींचा सर्वांत जुना परकीय साक्षीदार चिनी आहे.

त्याच्या आधी फाहियान आला होता, नंतर इ-त्सिंग आला. तिघांनीही लिहून ठेवले. उलट दिशेने गेलेल्यांचे काय? उज्जयिनीच्या परमार्थासारखे अनेक भारतीय पंडित चीनला गेले, तेथेच राहिले, शेकडो संस्कृत ग्रंथांचे चिनी भाषांतर त्यांनी व त्यांच्या चिनी सहकाऱ्यांनी केले. परंतु चीनमधील शेते, बाजार, राजसभा किंवा माणसे यांचे वर्णन करणारा त्या काळातील एकही भारतीय प्रवासग्रंथ आज उपलब्ध नाही. ज्ञान देण्यास पंडित गेले. तेथे काय पाहिले ते मायदेशी कोणी कळविले नाही. पाहुणा येऊन घरदार डोळे भरून पाहून गेला, पण परतभेट राहून गेली, असा हा प्रकार आहे.

पुढे एकोणिसाव्या शतकात एक परतभेट घडली, ती मात्र अभिमानाने सांगण्याजोगी नाही. माळव्यात पिकलेली अफू मुंबईच्या बंदरातून चीनला जाऊ लागली. त्या व्यापाराच्या नफ्यावर मुंबईतील अनेक पेढ्या उभ्या राहिल्या. सर जमशेटजी जीजीभाई यांच्यासारख्या दानशूर गृहस्थाच्या संपत्तीतही कापसाबरोबर अफूचा वाटा होता. ही अफू चीनच्या गळी उतरविण्यासाठी इंग्रजांनी केलेल्या युद्धांत आणि पुढे १९०० च्या बॉक्सर बंडात जे सैन्य चीनमध्ये उतरले, त्यात भारतीय शिपाई होते. चिनी माणसाच्या स्मरणात हा काळ शतकभराच्या मानहानीचा काळ म्हणून कोरला गेला आहे. भारतातील शालेय पुस्तकांत त्याचा उल्लेख ओझरता असतो. सीमेवरील चिनी वर्तनाचे समर्थन यातून होत नाही; परंतु समोरचा कोणत्या आठवणी घेऊन उभा आहे, हे ठाऊक असल्यावाचून त्याच्याशी मैत्री करता येत नाही आणि सामनाही करता येत नाही.

खरीखुरी परतभेट झाली ती धाराशिवपासून सुमारे सत्तर किलोमीटरवर असलेल्या सोलापुरातून. १० ऑक्टोबर १९१० रोजी जन्मलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस मुंबईच्या सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालयात शिकले. जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनच्या साहाय्यासाठी, सुभाषचंद्र बोस अध्यक्ष असताना, काँग्रेसने १९३८ मध्ये पाच डॉक्टरांचे पथक धाडले. त्यात नागपूरचे डॉ. चोळकर होते आणि तरुण कोटणीस होते. इतर एकेक करून परतले, कोटणीस राहिले. रणभूमीजवळील 'बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालया'ची धुरा त्यांनी १९४१ मध्ये स्वीकारली. तेथील परिचारिका क्वो छिंगलान यांच्याशी त्यांनी विवाह केला. मुलाचे नाव ठेवले 'यिनहुआ'. त्यातील 'यिन' म्हणजे भारत आणि 'हुआ' म्हणजे चीन. ९ डिसेंबर १९४२ रोजी अपस्माराच्या झटक्यांनी त्यांचा अंत झाला, तेव्हा त्यांचे वय अवघे बत्तीस होते. व्ही. शांताराम यांनी १९४६ मध्ये 'डॉ. कोटणीस की अमर कहानी' हा बोलपट काढला आणि ते नाव घरोघर पोहोचले.

कोटणिसांच्या त्यागाचे गुणगान पुष्कळ होते. त्यांच्या परिश्रमाची एक बाजू मात्र झाकोळून जाते. ते चिनी भाषा शिकले. नुसती रुग्णाची विचारपूस करण्याइतकी नव्हे. तर त्या भाषेतून ते विद्यार्थ्यांना शल्यशास्त्र शिकवीत होते आणि अखेरच्या दिवसांत त्याच विषयाचे पाठ्यपुस्तक लिहिण्यात गुंतले होते. सोलापूरच्या माणसाला हे तीनचार वर्षांत, बॉम्बवर्षाव, उपासमार आणि आजार यांच्या गराड्यात साधले. शांततेच्या काळात, विजेच्या दिव्याखाली, ग्रंथालयाच्या खुर्चीवर बसून संबंध महाराष्ट्राला त्यातील किती साधले?

अगदीच काही झाले नाही, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयाचे पु. वि. बापट यांनी 'विमुत्तिमग्ग' या बौद्ध ग्रंथाचा 'विसुद्धिमग्गा'शी तौलनिक अभ्यास १९३७ मध्ये प्रसिद्ध केला. या ग्रंथाचा मूळ पाली पाठ तेव्हा उपलब्ध नव्हता, सहाव्या शतकातील चिनी भाषांतर तेवढे उरले होते. म्हणून बापटांनी चिनीचा आधार घेतला. भारताने हरवलेले चीनने जपून ठेवले आणि एका मराठी पंडिताने ते तेथून परत आणले. वसंत परांजपे यांनी पेकिंगला जाऊन भाषा आत्मसात केली आणि पंडित नेहरूंच्या चिनी नेत्यांशी झालेल्या वाटाघाटींत दुभाषाचे काम केले. परंतु ही एकेकट्याची तपश्चर्या होती. समाजाची जिज्ञासा तिच्या पाठीशी नव्हती.

१९५४ नंतर 'हिंदी-चिनी भाई भाई'च्या घोषणा दुमदुमल्या. शिष्टमंडळे आली आणि गेली, हार घातले गेले, मैत्रीच्या सभा झाल्या. घोषणा देणाऱ्यांपैकी किती जणांना चिनी इतिहासाचे चार राजवंश सांगता आले असते? १९६२ चे युद्ध झाले आणि घोषणा एका रात्रीत उलटली. पिढ्यान्‌पिढ्या भारतात राहिलेल्या सुमारे तीन हजार चिनी वंशाच्या लोकांना राजस्थानातील देवळीच्या छावणीत डांबण्यात आले. त्यांतील कित्येकांना भारतापलीकडे दुसरे घर ठाऊक नव्हते. भोळी मैत्री आणि आंधळा राग ही एकाच अज्ञानाची दोन रूपे होती. त्या अज्ञानात पुढील साठ वर्षांत म्हणावी तशी घट झालेली नाही, आणि 'शत्रूची संस्कृती कशाला' या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तरही येथेच आहे. प्रतिस्पर्ध्याला ओळखणे हे त्याच्यापुढे नमणे नव्हे. पुलकेशीच्या सैन्याचे बारकावे टिपणारा ह्युएनत्संग महाराष्ट्राचा मांडलिक झाला नव्हता.

तेव्हा या संध्याकाळी कशा असाव्यात? दिल्लीहून विद्वान आणावेत, पडद्यावर चित्रफीत दाखवावी, शेवटी आभार मानावेत, एवढ्याने काम भागणार नाही. विषय जिल्ह्याच्या जीवनातून वर यावा आणि चीनपर्यंत जावा.

पहिली संध्याकाळ तेरच्या गोरोबाकाकांच्या नावाने करता येईल. संतमेळ्यात थापटण्याने एकेकाचे डोके वाजवून कोणते मडके पक्के आणि कोणते कच्चे हे गोरोबांनी सांगितले आणि नामदेवांना कच्चे ठरविले, ही कथा वारकऱ्यांच्या घरांत लहान मुलालाही माहीत असते. भाजलेल्या मातीचा नाद ओळखण्याची हीच कला चीनमध्ये पराकोटीला गेली. जिंगदेझेन या गावाजवळ सापडणारी पांढरी माती सुमारे तेराशे अंश उष्णतेवर भाजली म्हणजे असे भांडे तयार होते, की टिचकी मारताच ते धातूसारखे वाजते. जवळच्या गावाच्या नावावरून त्या मातीला 'केओलीन' हे जगन्मान्य नाव पडले. युरोपला हे रहस्य अठराव्या शतकाच्या आरंभापर्यंत उलगडले नव्हते. येथे वक्ता प्राध्यापकच हवा असे नाही. चाकावर बसणारा कुंभार शेजारी असला, तर श्रोत्यांना अधिक कळेल.

दुसरी संध्याकाळ रेशमाची. मराठवाड्यातील अनेक शेतकरी ऊस आणि सोयाबीन यांना पर्याय म्हणून तुतीकडे वळले आहेत. त्यांच्या शेडमध्ये कोष विणणाऱ्या किड्याचे मूळ घर चीन होय. चीनने ही विद्या शतकानुशतके गुप्त राखली. खोतानच्या राजाला दिलेल्या राजकन्येने तुतीचे बी आणि किड्यांची अंडी केसांच्या शिरोभूषणात लपवून सीमेपार नेली, ही आख्यायिका सांगितली आहे ती ह्युएनत्संगानेच. बाजारभावाच्या चिंतेत असलेल्या शेतकऱ्याला ती ऐकताना आपल्या धंद्याचे वय प्रथमच कळेल.

तिसरी संध्याकाळ जिल्ह्याच्या अभ्यासिकांत रात्री उशिरापर्यंत स्पर्धा परीक्षांची पुस्तके उघडून बसणाऱ्या तरुणांसाठी असावी. लेखी परीक्षा घेऊन अधिकारी निवडण्याची पद्धत चीनमध्ये सुमारे तेराशे वर्षे चालली आणि १९०५ मध्ये बंद झाली. कोठडीवजा खोल्यांत दिवसेंदिवस बसून उमेदवार उत्तरे लिहीत. पू सुंगलिंग हा थोर कथाकार एकोणिसाव्या वर्षी पहिली पायरी चढला आणि पुढची परीक्षा जन्मभर देत राहिला. यश आले नाही. पण भुताखेतांच्या ज्या कथा त्याने लिहिल्या, त्या अजून वाचल्या जातात. गरिबाच्या मुलाला दार उघडणारी ही परीक्षा हजारोंची आयुष्ये कशी गिळीत होती, याची चर्चा धाराशिवात झाली, तर ती चीनपुरती उरणार नाही.

चौथी संध्याकाळ बोधिसत्त्वाची. अजिंठ्याच्या भिंतीवरील पद्मपाणी हा अवलोकितेश्वर. तोच चीनमध्ये जाऊन कालांतराने करुणेची देवी 'क्वान-यिन' झाला. पुरुषमूर्तीची स्त्रीमूर्ती कशी झाली, हा संस्कृतीच्या प्रवासातील एक विलक्षण अध्याय आहे. ज्या मराठवाड्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या मागोमाग असंख्य घरांनी बुद्धाला आपले मानले, तेथे या विषयाला श्रोता शोधावा लागणार नाही. मुलांसाठी जोडीला ह्युएनत्संगाच्या यात्रेवर सोळाव्या शतकात रचलेल्या 'पश्चिमेची यात्रा' या कादंबरीतील पराक्रमी वानर आणावा. त्याचे नाते मारुतीशी आहे की नाही, यावर विद्वानांचे एकमत नाही. मुलांचे मात्र तत्काळ होईल.

पाचवी संध्याकाळ सर्वांत अवघड आणि म्हणूनच अपरिहार्य आहे. ती दुष्काळाची. १९७२ चा दुष्काळ धाराशिवच्या जुन्या माणसांना अजून आठवतो: खडी फोडण्याची कामे, सुकडी, मिलो, टँकरची वाट. हाल झाले, जनावरे गेली, माणसे गाव सोडून गेली. तरीही सरकारी कामांनी मोठ्या प्रमाणावरील भूकबळी टळले आणि त्यातून रोजगार हमीची कल्पना राज्यात रुजली. चीनमध्ये १९५९ ते १९६१ या काळात जो दुष्काळ पडला, त्यात किती माणसे मेली याचे अभ्यासकांचे अंदाज दीड कोटीपासून साडेचार कोटींपर्यंत जातात. पिकाचे खोटे आकडे वर कळविले गेले, खरे सांगणाऱ्याला शिक्षा झाली आणि शहरांना धान्य जात राहिले. वृत्तपत्रे मोकळी असती आणि विरोधी पक्ष असता, तर हे घडते ना, असे अमर्त्य सेन यांनी दाखवून दिले आहे. त्यांनीच हेही दाखविले, की दुष्काळ टाळणाऱ्या भारतात रोजची अर्धपोटी भूक आणि कुपोषण यांचा सामना मात्र चीनपेक्षा मंद गतीने झाला. दोन्ही गोष्टी एकाच व्यासपीठावरून सांगण्याचे धैर्य ज्या मंडळाला असेल, त्यानेच या संध्याकाळी योजाव्यात. पुढे १९६६ ते १९७६ च्या सांस्कृतिक क्रांतीत चीनने स्वतःचीच मंदिरे, ग्रंथ आणि गुरू यांची जी होळी केली, तिचाही उल्लेख येथे आला पाहिजे.

हा इशारा अनाठायी नाही. परदेशाच्या संस्कृतीचा परिचय आणि परदेशी सरकारचा प्रचार यांतील रेषा पुसट असते. भारतात आलेल्या चिनी नेत्यांनी कोटणीस कुटुंबीयांची भेट घेण्याचा परिपाठ दीर्घकाळ पाळला. त्यातील कृतज्ञता खरी असली, तरी छायाचित्रांचा उपयोग राजकारणासाठीही होतोच. म्हणून या संध्याकाळींना कोणत्याही वकिलातीचा पैसा नको आणि मंचावर कोणत्याही सरकारचा फलक नको. खर्च असा कितीसा येणार? १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली मान्यता मिळालेली वाचनालये गावोगाव आहेत. जानेवारी २०२० मध्ये त्र्याण्णवावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन याच शहराने लोकांच्या बळावर पार पाडले. त्या शहराला पाच संध्याकाळींचे सतरंजी, ध्वनिक्षेपक आणि चहा यांचे ओझे होणार नाही. खरा खर्च पुस्तकांचा आहे. चिनी वाङ्मय मराठीत जे थोडे आले, ते बहुतेक इंग्रजीच्या दारातून आले. आणि ते तरी वाचनालयाच्या कपाटात एकत्र सापडावे. व्याख्याने संपली की टाळ्या विरतात; कपाट राहते.

या सर्वांतून काय निष्पन्न होईल? सीमेवरील एकही चौकी मागे हटणार नाही. व्यापारातील तूट भरून निघणार नाही. कदाचित तुळजापूर किंवा परंड्याची एखादी मुलगी चिनी लिपी गिरवू लागेल, आणि पंधरावीस वर्षांनी चीनविषयी इंग्रजांच्या किंवा अमेरिकनांच्या चष्म्यातून न पाहता स्वतः पाहून मराठीत लिहील. जी गोष्ट गावे, बाजार, शेते आणि माणसांचे स्वभाव टिपून ह्युएनत्संगाने महाराष्ट्रासाठी केली, ती चीनसाठी मराठी माणसाकडून अद्याप फारशी झालेली नाही. तिची सुरुवात करण्यासाठी विद्यापीठाच्या परवानगीची जरुरी नाही. सोलापुरात कोटणिसांच्या घराचे स्मारक महानगरपालिकेने केले आहे, तेर मोटारीने तासाभराच्या आत आहे, आणि ९ डिसेंबर हा दिवस दरवर्षी येतो. वाचनालयाच्या फळ्यावर पहिल्या संध्याकाळची सूचना लिहिण्यास तेवढे निमित्त पुरेसे आहे.